दुप्पट वेगाने ऐकणारा मुलगा

माझ्या टेबलावर कॉफीचा कॅन होता आणि त्यावर चिकटवलेली चिठ्ठी – ‘तुमच्या इअरफोनमधला आवाज मला ऐकू येतो.’

नोर्यांगजिन या परीक्षार्थींच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत कुणी बोलत नाही. तक्रारही अशी कॉफीसोबतच येते. मी लाजेने चूर! आवाज बारीक केला आणि शेजारच्या टेबलावर केळ्याच्या स्वादाच्या दुधाची बाटली ठेवून आले, ‘माफ करा’ लिहून.

दुपारी त्या टेबलावरचा मुलगा जिन्यात आडवा आला. “अहो, आवाज का कमी केलात? गोष्ट ऐन रंगात आली होती!”

“तुम्हीच तर तक्रार केलीत…”

“तक्रार कुठली? ओळख काढत होतो. मी दोग्यू.”

क्लास परवडत नव्हता, म्हणून सरकारी नोकरीच्या परीक्षेची सगळी व्याख्यानं मी फुकट डाउनलोड करून ऐकायचे. जीव आंबला की जुन्या कथांची वाचनं. आता रिमझिम पावसात, गाडीवरचा कपातला किमची-भात खाताना, आम्ही एकेक इअरफोन वाटून घेऊ लागलो. ‘अहो’चं ‘अगं’ कधी झालं, कळलंच नाही.

तो सगळं दुप्पट वेगाने लावायचा.

“प्रेमकथासुद्धा? जरा दम धर की रे!”

“परीक्षेत प्रेमाला गुण असते, हेवन, तर हळू ऐकली असती.” मग माझ्याकडे न बघता – “निकाल लागला की… तुला एक सांगायचंय.”

त्या एका वाक्यावर मी अख्खा हिवाळा काढला. किती वेडी मी!

तो पास झाला. मी नापास.

आमच्या गल्लीत पास होणारा मागे राहिलेल्यांना जेवू घालतो आणि आपलं सामान उचलून गल्ली सोडतो. दोग्यू मला डुकराचं मांस खायला घेऊन गेला. टेबलावरच्या शेगडीच्या जाळीवर तुकडे उलटत म्हणाला, “माझी सगळी व्याख्यानं तुझ्या फोनवर टाकतो. पुन्हा ऐक, पुढच्या वर्षी नक्की होशील.”

“तू काहीतरी सांगणार होतास.”

चिमटा थबकला. “ते… तू पास झालीस की सांगतो ना.”

“म्हणजे नापास मुलीला सांगण्याजोगं नाहीये ते?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तसं नाही गं… पण आईबाबा विचारणार, मुलगी काय करते.”

“दोग्यू, इतके दिवस मी ऐकलं. आता तू ऐक. तू मला आवडतोस. नापास होऊनही हे सांगता येतं, बघ.”

त्याने भाजलेला पहिला तुकडा माझ्या भातावर ठेवला. डोळे वर केलेच नाहीत. “जेव आधी. गार होतंय.”

मी जेवले. डोळे पुसत, पोटभर जेवले आणि उठले.

“व्याख्यानं घेतेस ना?” त्याने मागून विचारलं.

“राहू दे. ती कुणालाही फुकट मिळतात.”