दुसरी टाकी

गुंताबाई जळगावातल्या त्या माडीचा जिना चढून आली, तेव्हा देवचंद महाजन पोह्यांची दुसरी बशी पुढ्यात ओढत होता. ती बाकावर बसलीच नाही. दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली.

"बाई, माह्या माणसानं नाही मारलं," ती म्हणाली. "बिजला त्याचं नाव. परवा त्याले कोर्टात नेतीन. मंग तो काही परत येत नाही."

इंदिराबाई भिरूडांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. वीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढून या बाईंनी दोन वर्षांपूर्वी, शहाऐंशी साली, 'खासगी तपास' अशी पाटी लावली, तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. देवचंदही हसला होता. आता तो त्यांचा मदतनीस होता. म्हणजे फटफटी त्याची आणि डोकं बाईंचं.

गुंताबाईनं तुटक तुटक सांगितलं ते असं. सातपुड्याच्या पायथ्याला आंबापाटचं धरण आहे. त्याच्या दरवाजात एक ओंडका अडकला. तो काढायला रावेरचा पाणबुड्या नागसेन तायडे उतरला. नौदलात शिकून आलेला, बत्तीस वर्षांचा माणूस. पाठीवर हवेची टाकी बांधून तळाशी जाई आणि त्याच्या कमरेचा दोर वर तराफ्यावर बिजला धरून बसे. सहा वर्षं हेच चाललं होतं. मंगळवारी नागसेन दोनदा उतरला. पहिली टाकी संपवून हसत वर आला, भाकरी खाल्ली, दुसरी टाकी चढवली आणि गेला तो गेलाच. दोर वर आला तो कापलेला. आणि बिजलाच्या कमरेला कोयता होता.

"दोघांचं भांडण झालं होतं?" इंदिराबाईंनी विचारलं.

"लोक म्हनतात झालं, दुसऱ्या टाकीच्या आधी. तो काहीच सांगत नाही. माह्याशीबी बोलत नाही."

निर्दोष माणूस असा गप्प बसत नाही, असं देवचंदचं ठाम मत होतं, आणि ते त्यानं तिथल्या तिथे बोलून दाखवलं. गुंताबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. उरलेले पोहे त्यानं बाजूला सारले.

धरणाजवळच्या ठाण्यात फौजदार सोनवणे सभ्यपणे वागले. पुरावा म्हणून ठेवलेला दोर त्यांनी कोपऱ्यात दाखवला.

"देवचंदभाऊ, उचला बरं," इंदिराबाई म्हणाल्या.

देवचंदनं वेटोळं दोन्ही हातांनी उचललं आणि कण्हतच खाली टाकलं.

"मूळ दोर केवढा होता, साहेब?"

"साठ फूट. पंचनाम्यात आहे."

"आणि प्रेताच्या कमरेला किती राहिला होता?"

"असेल दोन-तीन हात."

बाईंनी वेटोळं हातानं मोजलं, कापलेलं टोक निरखलं. कापल्या जागेच्या आसपास दोराला आणखी तीन-चार वरवरचे घाव होते. शेजारी नागसेनचा पट्टा होता, त्यावरचं चाकूचं म्यान रिकामं.

"चाकू पाण्यात पडला असणार," फौजदार म्हणाले. टाकीही तिथेच उभी होती. तिच्यात अजून निम्मी हवा असल्याचं काटा सांगत होता.

बिजला गजाआड गुडघ्यांत मान घालून बसला होता. दोराचं विचारल्यावर मात्र बोलला.

"दोरानं आमी बोलत व्हतो, बाई. एक हिसका म्हंजे ठीक, तीन म्हंजे वर घे. त्या दिशी एक आला, मंग चार, मंग दोन. दारू पेल्यावानी. म्या वढला, तं खाली अडकेल. मंग एकदम ढिला झाला. म्या उडी मारली. पन माहा दम तळापोत पुरत नाही."

"नागसेन प्यायचा?"

"कधीच नाही."

"मग दुसऱ्या खेपेआधी वाद कशावरून झाला?"

बिजलानं तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढे कितीही विचारलं तरी ते वळलं नाही.

धरणाचा चौकीदार भिकन त्या वेळी बांधावर होता. "वाऱ्यात समदं आयकू आलं नाही," तो म्हणाला. "बिजला त्या टाकीले हात लावू देईना. तायडेसाहेब हासत व्हते, मंग वरडले, 'आबांनी भरलीय ती, सोड!' आबा म्हंजे त्यायचे वडील."

"वडिलांवरून काहीतरी कुरबूर असणार," देवचंद बाहेर आल्यावर म्हणाला. इंदिराबाई फटफटीकडे चालू लागल्या. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता, हे त्याच्याही लक्षात आलं.

रावेरला तायड्यांच्या घरी नागसेनच्या फोटोपुढे मेणबत्ती जळत होती. पंडित तायडे, सगळ्यांचे आबा, चुलीशेजारी बसले होते. तीस वर्षं रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कोळशाच्या धुरात फिटरकी केलेला हा माणूस आता पार वाळून गेला होता.

"तो बिजला माह्या ताटात जेवला," ते म्हणाले, "आन् माह्या पोराचा दोर कापला. त्याले फाशी झाली पाह्यजे, बाई. तेवढंच पाहासाठी जगून राह्यलो."

"त्यांना आणलं तेव्हा चेहरा कसा होता?" इंदिराबाईंनी नागसेनच्या बायकोला, कलाबाईला हळूच विचारलं.

"झोपल्यासारखा." तिचा आवाज फुटला. "गाल तांबडे, ओठ तांबडे. मी ओरडले, जिवंत आहेत, डॉक्टरांना बोलवा. कोणी ऐकलं नाही माझं."

तेवढ्यात करपल्याचा वास देवचंदच्या घशात गेला. कलाबाई धावली. चुलीवरचं दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं होतं, आणि आबा हातभर अंतरावर बसून दाराकडे बघत होते. दुःखानं माणसाचं भान असं जातं, असं देवचंदला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाक्या भरायचा कॉम्प्रेसर होता. लाइटचा भरवसा नाही म्हणून तो डिझेल इंजिनवर चालवत. हवा ओढणारी नळी मात्र भिंतीतून पलीकडे गेली होती.

"नागसेननं सांगेल व्हतं, 'आबा, इंजिनाचा धूर नळीत जाता कामा नये,'" आबा सांगू लागले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडा जीव आला. "म्हनून म्या भिंतीले भोक पाडलं. पलीकडं झुलालशेठची वखार. खोली रिकामी, थंडगार, धुळीचं नाव नाही. वरून नळीच्या तोंडाले धुतलेल्या धोतराचं फडकं बांधेल हाये. टाकी भरासाठी दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हतो मी. एक रविवारी भरली, एक सोमवारी दुपारी."

वखारवाले झुलाल चौधरी भला माणूस. त्यांनी आधी देवचंदच्या हातावर केळी ठेवली, मग खोली उघडली. दाराच्या फटींवर वाळलेल्या शेणाचे पोपडे होते. आत पिवळ्या घडांच्या राशी, कोपऱ्यात राखेनं भरलेलं मडकं.

"ही खोली दिवाळीपासून रिकामीच होती," ते म्हणाले. "पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली, पिकल्या केळीला मागणी वाढली, बाकीच्या खोल्या भरल्या. म्हणून सोमवारी पहाटे इथं माल लावला. काय झालं, बाई?"

भिंतीतून आलेल्या नळीच्या तोंडावरचं फडकं चहा गाळल्यासारखं तपकिरी झालं होतं. केळीचा चीक लागला असेल, असं म्हणून देवचंदनं तिसरं केळं सोललं.

इंदिराबाई बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. देवचंद मागोमाग आला तेव्हा म्हणाल्या, "हे न बोलता बिजलाला सोडवता येईल का, ते बघतेय."

"मग?"

"नाही येत, देवचंदभाऊ."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात सगळे जमले. आबा, कलाबाई, दाराशी गुंताबाई. बिजलाला बाहेर आणून बसवलं होतं.

"साहेब, तराफ्यावर बसलेल्या माणसानं दोर कापला, तर त्याच्या हाती केवढा तुकडा राहील?" इंदिराबाईंनी सुरुवात केली.

"हातभर."

"आणि बाकीचा प्रेताबरोबर खाली जाईल. इथे उलटं झालंय. जवळजवळ सगळा दोर वर आला आणि दोन-तीन हात कमरेला राहिला. म्हणजे दोर तळाशी कापला गेला, तिथे एकटा नागसेन होता. त्याचंच म्यान रिकामं आहे. कोयत्यानं दोर एका घावात तुटतो. हा चार-पाच वेळा चुकून मग कापलाय. त्या हाताला नेम राहिला नव्हता."

"पण स्वतःचाच दोर कोण कापेल?" फौजदारांनी विचारलं.

"डोकं ठिकाणावर नसलेला माणूस. दोर ओंडक्यात अडकला, आणि कशानं अडकलोय हेही त्याला कळेना. वर येणारे हिसके आठवा, बिजलाला ते दारुड्याचे वाटले. नागसेन पीत नव्हता. मग त्याला कशानं चढली? पहिल्या टाकीवर तो धडधाकट होता. दुसरीवर गेला."

आबांकडे न बघता त्या पुढे बोलल्या.

"बुडालेला माणूस काळानिळा पडतो. नागसेनचे ओठ तांबडे होते. शेगडी पेटवून, दार लावून झोपलेली माणसं मी दवाखान्यात पाहिली आहेत. त्यांचे ओठ असेच असतात. कोंडलेल्या धुरात एक विषारी वायू असतो, तो माणसाला आधी भ्रमिष्ट करतो आणि मग मारतो. सोमवारी पहाटे झुलालशेठनी केळी लावली, कोपऱ्यात मडक्यात धुरी घातली आणि दाराच्या फटी शेणानं लिंपल्या. आखाजीची केळी अशीच पिकवतात. ती नळी कशाची आहे हे त्यांना माहीत नव्हतं, खोली भरलीय हे भिंतीच्या अलीकडे कोणाला माहीत नव्हतं. दुसरी टाकी त्याच दुपारी भरली. ते फडकं चिकानं नाही, धुरानं तपकिरी झालंय. नमुना मुंबईला पाठवा, साहेब. पण आधी हे बघा."

त्यांनी टाकीची चावी किंचित फिरवली. हवा फुसफुसत बाहेर आली. फौजदारांनी नाक मुरडलं. कलाबाईनं पदर तोंडाला लावला. जळक्या भुश्शाचा तो वास देवचंदनं ओळखला. काल वखारीत केळी खाताना तोच त्याच्या नाकात होता.

आबा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "कसला वास येते तुमाले?"

करपलेलं पातेलं देवचंदला आता आठवलं. तीस वर्षांच्या कोळशानं या माणसाचं नाकच नेलं होतं. आपण त्याला दुःख समजलो, याची त्याला लाज वाटली.

आबा उठले आणि टाकीवर वाकले. हवेच्या झोतात नाक धरून त्यांनी दोनदा जोरानं श्वास ओढला. इंदिराबाईंनी घाईनं चावी बंद केली.

"मले काहीच येत नाही," ते म्हणाले. मग बिजलासमोर जमिनीवर बसले. "तुले वास आला व्हता, बिजला?"

बिजलानं मान हलवली.

"मंग सांगलं काहून नाही तीन दिवस?"

"कोनाले सांगू, आबा? सांगलं असतं तं तुमी जगले असते का?"

"त्याले तरी सांगाचं व्हतं रे!"

"सांगलं. टाकी धरून ठेवली. म्हनलं, साहेब, धुराचा वास येते, ही नको." बिजला आता रडत होता. "ते हासले. म्हने, आबांनी भरलीय ती, तिच्यात काय खोट असनार?"

फौजदारांनी शिपायाला खूण केली, आणि त्यानं बिजलाच्या बेड्या काढल्या. दाराशी गुंताबाई उभी राहिली, नवऱ्याची वाट बघत.

बिजला उठला नाही. मोकळे झालेले हात त्यानं म्हाताऱ्याच्या पाठीवर ठेवले आणि तो तसाच बसून राहिला. थोड्या वेळानं गुंताबाईही आत आली आणि कलाबाईजवळ बसली.