दहाव्या पुस्तकाची प्रस्तावना

कुणाला पटो न पटो. मी शाळेत विज्ञान शिकवते, भुताखेतांच्या गोष्टी रचायची मला हौस नाही. घडलं तसं सांगते.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. आईला जाऊन सोळा दिवस झाले होते.

बाबा मोठे अभ्यासक. रोमन साम्राज्य मोडकळीला आलं, त्या काळात वाळवंटात राहणारे ख्रिस्ती संन्यासी हा त्यांचा विषय. चाळीस वर्षं, नऊ पुस्तकं. बाबा तोंडी सांगायचे, आई टाइप करायची.

नुसती टाइप नाही. बाबांच्याच पुस्तकांवरून ती ग्रीक शिकली, भाजी चिरता चिरता. त्या संन्याशांच्या पत्रांतली दोन पत्रं बाईची आहेत, हे तिनं ओळखलं. एका शब्दाचं रूप स्त्रीलिंगी होतं, तेवढ्यावरून.

नाव झालं बाबांचं. पुस्तकात आभार मानले ग्रंथपालांचे.

त्या दुपारी मी माझ्याजवळच्या किल्लीनं बाबांच्या घराचं दार उघडलं...

टक्... टक् टक्...

बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं.

"आत कोण आहे?"

"हळू बोल. दहाव्या पुस्तकाची प्रस्तावना चाललीय."



बाबा सांगत राहिले. "ही पत्रं चौथ्या शतकातली..."

आतली टकटक थांबली.

बाबा चुकले की आई अशीच थांबायची. तोंडानं कधी बोलली नाही.

"बरं... पाचव्या," बाबा पुटपुटले.

टक् टक् टक्...

मी दार ढकललं. खुर्ची रिकामी. टाइपरायटरवर झाकण.

आवाज झाकणाखालून येत होता...

"बाबा, ती गेलीय. आता तरी सोडा तिला."

"मी कुठं बोलावलं? आपणहून बसते. सवय आहे तिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, ऊठ. झालं तुझं काम. ऊठ म्हणते ना."

टकटक थांबली. खुर्ची करकरली... कुणी उठावं तशी.

वाटलं, सुटली बिचारी.

बाहेर बाबा खाकरले. "पुढचा परिच्छेद."

खुर्ची पुन्हा करकरली...

टक्...

दुसऱ्या दिवशी मी ते यंत्र भंगारात घातलं. बाबांनी अडवलं नाही.

महिन्यानं प्रकाशकांचा फोन आला. प्रस्तावना मिळाली म्हणाले. टाइप केलेली, एकही चूक नाही.

बाबांना टाइप करता येत नाही.

मी अजून त्यांना डबा नेऊन देते. बोलत नाही. आतल्या खोलीचं दार लोटलेलंच असतं... आणि त्याच्याकडे पाठ करून मी बसत नाही.