रोजच्या कामाची लेन्स

संघदीप त्या दुकानात जाणारच नव्हता. आर्णीच्या बसस्टँडसमोरच्या मोठ्या स्टुडिओत त्याला फोटो काढायचा होता. पण त्या गुरुवारी दुपारी भारनियमन होतं, आणि मोठ्या स्टुडिओला खिडकी नव्हती. तिथल्या माणसानं चार वाजता या म्हणून सांगितलं. संघदीपच्या अंगात मामाचा इस्त्रीचा शर्ट होता आणि तो चार वाजेपर्यंत चुरगळणार हे नक्की होतं. म्हणून तो मागच्या गल्लीत वळला. तिथे उकंडा फोटोवाल्याची एक खोली होती, आणि तिला पश्चिमेकडे मोठी खिडकी होती.

आत उकंडा नव्हता. त्याची मुलगी सत्यशीला होती. बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून दुकान तीच पाहायची. तिच्यासमोर पिवळ्या फडक्यावर तीन लेन्स ठेवल्या होत्या आणि ती त्यांच्याकडे, बाजारात तीन बैलांकडे पाहावं तशी पाहत होती.

रिळाचा कॅमेरा गेल्या वर्षी कायमचा बंद पडला होता. यवतमाळच्या एका पेपरच्या फोटोग्राफरनं वापरून सोडलेला डिजिटल कॅमेरा तिनं घेतला, पण तो नुसताच, लेन्सशिवाय. तिथल्या दुकानदारानं तीन लेन्स रविवारपर्यंत वापरून पाहायला दिल्या होत्या. त्यातली एक ठेवायची, दोन परत करायच्या. दुसरी घेण्याची ऐपत नव्हती, त्यामुळे निवड चुकली तर पुढची कितीतरी वर्षं चुकीच्याच लेन्सनं काम करावं लागणार होतं. शिवाय दहा दिवसांवर उमरखेडला समाजाचा वधू-वर परिचय मेळावा आला होता आणि त्याचं फोटोचं काम पहिल्यांदा तिला मिळालं होतं. पुस्तिकेसाठी चेहरे, स्टेजवरचे फोटो, शेवटी सगळ्यांचा ग्रुप. सगळं एकाच लेन्सनं.

तिनं विचारलं, फोटो कशासाठी. तो म्हणाला, मेळाव्याच्या पुस्तिकेसाठी. पहिल्यांदाच का? नाही, पाचवं वर्ष आहे.

हे त्यानं आज वारा आहे असं सांगावं तसं सांगितलं. कापसाची ती वर्षं वाईट होती. कापूसवाल्याला मुलगी द्यायची नाही असं तोंडावर कोणी म्हणत नसे. लोक पत्ता घेत, चहा पीत आणि मग फोन करत नसत.

तिनं पहिली लेन्स लावली. ही लहानशी होती, झूम नसलेली, चेहऱ्याला चांगली म्हणून नावाजलेली. संघदीप धबधबा रंगवलेल्या पडद्यासमोर उभा राहिला. तिला फक्त छातीपर्यंतचा संघदीप दिसला.

"मामानं बुटापासून डोक्यापर्यंत काढाले सांगतलं हाय," तो म्हणाला.

"बूट नवे हायत?"

"मामाचे हायत."

"शर्ट?"

"थोही मामाचाच."

"मंग मामाचाच फोटो काढू ना," ती म्हणाली आणि मागे सरकली. काउंटर पाठीला लागला. ती वळसा घालून दारात गेली, दारातून पायरीवर, पायरीवरून गल्लीत. एक सायकलवाला घंटी वाजवत तिला चुकवून गेला. दाराच्या चौकटीत आता अख्खा संघदीप मावत होता, बुटांसकट.

"हासा," ती गल्लीतून म्हणाली.

"इतक्या दुरून हासलो त दिसन काय?"

तिला हसू आलं आणि कॅमेरा हलला. दुसऱ्या वेळी फोटो नीट आला.

मग तिनं त्याला समजावून सांगितलं. या कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर लहान आहे, त्यामुळे कुठलीही लेन्स लावली की ती असते त्याहून जास्त जवळचं दाखवते. बाहेर बरं असतं, पण दहा फुटांच्या खोलीत मागे सरायला जागा पुरत नाही.

संघदीपनं थोडा विचार केला. "म्हंजे लेन्स बरी हाय, पन तिले वावर मोठं पाह्यजे."

"तसंच समजा."

"मंग माह्या वावरात या. मागं सराले सात एकर हाय."

बोलून झाल्यावर त्याचे कान लाल झाले. तिनं लेन्सला झाकण लावलं, जरा जास्तच वेळ लावून. लेन्स पाहायच्याच आहेत… उजेडात, अंधारात, दुरून, ती म्हणाली. बाबांना विचारते.

शनिवारी उकंडा आणि सत्यशीला आठ किलोमीटरवरच्या त्याच्या गावी गेले. उकंडा संघदीपच्या आईबरोबर ओसरीवर चहा पीत बसला. सत्यशीला वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहिली आणि तिनं दुसरी लेन्स लावली. ही लांब पल्ल्याची होती. जवळचं घर घेई आणि दूरच्या झाडावरचा पक्षीही घेई. दुकानदारानं हिचीच शिफारस केली होती. एक घेतली की दुसरी लागत नाही, असं तो म्हणाला होता.

वेचणी चालू होती. संघदीप दूर, शेताच्या पलीकडच्या टोकाला होता. डोक्याला दुपट्टा बांधलेला, अंगात जुना सदरा. तिनं लेन्सचं कडं फिरवलं आणि तो जवळ आला. तो वेचणाऱ्या एका बाईशी काहीतरी बोलला, ती बाई हसली, मग त्यानं तिचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. सत्यशीलेनं बटण दाबलं नाही. ती नुसती पाहत राहिली. माणूस आपल्याला कोणी पाहत नाही असं समजून चालतो तेव्हा कसा चालतो, हे तिला बराच वेळ दिसत होतं.

मग तो अचानक वळला आणि सरळ तिच्याकडे पाहू लागला. तिनं कॅमेरा खाली घेतला. तो पुन्हा दूर गेला, बोटाएवढा.

जवळ आल्यावर त्यानं विचारलं, "आला काय फोटो?"

"लेन्स पाहून राह्यली होती."

"लेन्स मले पाहत होती का तुमी?"

"दोघी," ती म्हणाली आणि घराच्या दिशेनं चालू लागली.

भाव पडलेला असल्यामुळे त्यानं अर्धा कापूस विकला नव्हता. घराची समोरची खोली आढ्यापर्यंत भरली होती. आत ऊब होती, सरकीचा वास होता आणि बारीक तंतूंनी नाक हुळहुळत होतं. उजेड फक्त दारातून येत होता. लांब पल्ल्याच्या लेन्सनं तिथे हात टेकले. चार फोटो घेतले, चारही हलले. जवळच्या लेन्सनं उजेड पकडला, पण कापूस कापला गेला, नुसता चेहरा आला.

तिनं तिसरी लावली. ही दिसायला साधी होती, थोडी जाड आणि तिघींत महाग. फार दूरचं घेत नसे. पण खोली घेई, माणूस घेई आणि थोड्या उजेडात डोळा मोठा उघडे. संघदीप कापसाच्या ढिगावर बसला होता. त्यानं घाईनं सदऱ्याची बटणं लावायला घेतली आणि म्हणाला की थांबा, मामाचा शर्ट घालून येतो.

"राहू द्या," ती म्हणाली.

"असाच?"

सत्यशीलेनं कॅमेरा मांडीवर ठेवला. दुकानात सध्या कोणतं काम जास्त येतं ते तिनं त्याला सांगितलं. लोक ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो आणतात आणि हार घालायला मोठा करून मागतात. मोठा केला की तो पुसट होतो. बायका तो हातात घेऊन म्हणतात, हे आमचे मालक वाटत नाहीत. दुसरा फोटो द्या, असं ती म्हणते. दुसरा नसतो.

"म्हनून म्हनते," ती म्हणाली, "एक तरी तुमचा स्वतःचा असू द्या."

त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले. बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे होते. तो हसला नाही, पण त्याचा चेहरा मोकळा झाला. तिनं बटण दाबलं.

"तुमचं नाव हाय काय पुस्तिकेत?" त्यानं तसंच बसून विचारलं.

"नाही. दुकान कोन पाहन? बाबाले कोन पाहन?"

"आमच्या गावाले दिवसातून सहा बस हायत," तो म्हणाला, आणि लगेच उठून ढिगावरचा कापूस सारखा करू लागला. तो आधीच सारखा होता.

रविवारी तिनं दोन लेन्स परत केल्या. तिसरी ठेवली.

आता पुस्तिकेत संघदीपचा कुठला फोटो द्यायचा, हे ठरवायचं होतं. एक धबधब्यापुढचा, मामाच्या शर्टातला. तो पाहून कोणीही पान उलटलं असतं. दुसरा कापसातला. उकंडानं तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. चांगला आहे, म्हणाला. या फोटोवर पोराचं लग्न लागतं.

सत्यशीलेला तेच वाटत होतं. तिनं आजवर काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता, आणि तो पुस्तिकेत गेला की कोणीतरी त्याला निवडणार होतं. धबधब्याचा द्यायला काहीच हरकत नव्हती. त्यानं तोच मागितला होता. दोन दिवस दोन्ही फोटो काउंटरच्या काचेखाली पडून राहिले. तिसऱ्या दिवशी तिनं कापसातला छापखान्यात पाठवला, कारण चांगलं काम लपवून ठेवणं तिला जमेना.

उमरखेडच्या मंगल कार्यालयात एकशे चौदा नावं होती. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण स्टेजवर येऊ लागला. नाव, शिक्षण, व्यवसाय, अपेक्षा. ज्यांना कोणी पसंत पडेल त्यांनी चिठ्ठीवर तो नंबर लिहून मंडळाच्या वामनरावांकडे द्यायचा, अशी पद्धत होती. सत्यशीला स्टेजपुढे होती, उकंडा तिच्या सामानाजवळ भिंतीला टेकून उभा होता. नवी लेन्स चेहरे घेत होती, ट्यूबलाइटचा फिका उजेड घेत होती, मागचा निळा बॅनरही घेत होती. निवड चुकली नव्हती.

संघदीपचा नंबर बासष्ट. त्याचे मामा भगवानराव पहिल्या रांगेत बसले होते. फॉर्म त्यांनीच भरला होता आणि व्यवसायापुढे कापूस व्यापार असं लिहिलं होतं.

संघदीपनं माइक हातात घेतला. "फॉर्मवर व्यापार लिहून हाय. थो मामानं लिहिला," तो म्हणाला. "मी शेती करतो. सात एकर. यंदाचा अर्धा कापूस घरातच हाय. पुढच्या साली काय होईन मले माहीत नाही. अपेक्षा… हे ऐकूनही कोनी हो म्हनावं, एवढीच."

लोक हसले, पण वाईट हसले नाहीत. भगवानरावांनी डोक्याला हात लावला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बासष्ट नंबरच्या तीन चिठ्ठ्या आल्या. सत्यशीला शेजारच्या टेबलावर बॅटरी बदलत होती, तेव्हा वामनराव भगवानरावांना सांगत होते. एक स्थळ मुकुटबनच्या निवृत्त मास्तरांचं होतं, मुलगी नर्स. मास्तर म्हणाले होते, फोटोतला माणूस खरा वाटतो. भगवानराव तीनही चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचत होते. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातात काहीतरी आलं होतं.

सत्यशीलेनं बॅटरी बसवली. मग काढली. मग पुन्हा बसवली.

जेवणं झाल्यावर उरलेली नावं झाली. एकशे चौदाव्या मुलीनंतर वामनराव आभार मानायला उठले. सत्यशीला त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, एक नाव राहिलं.

"कोनाचं व पोरी?"

"माहं."

"फॉर्म?"

"तोंडीच घ्या जी."

संघदीप पायरीजवळच उभा होता. मुकुटबनचे मास्तर त्याच्याशी बोलत होते. तिनं त्यांची माफी मागितली आणि कॅमेरा संघदीपच्या हातात दिला. बटण इथे आहे, आधी अर्धं दाबायचं, मग पुरं. त्याला काय चाललं आहे ते कळलं नाही. कॅमेरा त्यानं दोन्ही हातांनी, पाण्यानं भरलेलं भांडं धरावं तसा धरला.

ती स्टेजवर चढली. दिवसभर तिनं खालून पाहिलेली ही जागा वरून वेगळी होती. सगळे चेहरे एकदम दिसत होते आणि पळायला कुठे वाट नव्हती.

"मी सत्यशीला उकंडा मनवर. आर्णी. बारावी झाली," ती म्हणाली. "फोटोचं काम करते. थे सुटनार नाही. वडिलाचे डोळे अधू हायत, थे माह्यासंग राहतीन."

ती थांबली. वामनरावांनी बाजूनं आठवण करून दिली, अपेक्षा.

"अपेक्षा…" तिनं खाली पाहिलं. "बासष्ट नंबर."

हॉलमध्ये आधी पुस्तिकेची पानं उलटल्याचा आवाज आला. मग शेवटच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्या रांगेरांगेनं पुढे येत गेल्या. मुकुटबनच्या मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते एवढंच म्हणाले की फोटो चांगला का आला ते आता कळलं.

ती खाली उतरली. संघदीप तिथेच होता, कॅमेरा पोटाशी धरून.

"फोटो आला?" तिनं विचारलं.

"नाही."

"काहून?"

"मी ऐकून राह्यलो होतो," तो म्हणाला. मग हळूच, "तू… पक्कं म्हनतं?"

"एवढ्या लोकांपुढं म्हनलं, अजून कसं म्हनू?"

त्यानं कॅमेरा तिच्याकडे दिला आणि चिठ्ठी मागायला वामनरावांकडे गेला. वामनराव म्हणाले की आता चिठ्ठीची गरज नाही. पण तो म्हणाला, पद्धत आहे ना, मग लिहितो. एकशे पंधरा हा आकडा त्यानं मोठ्या अक्षरात लिहिला आणि घडी न घालताच दिला. भगवानराव तीन चिठ्ठ्या हातात घेऊन जवळ आले. काही बोलणार होते, पण त्यांनी उकंडाला हात धरून खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, पाव्हणे, आता चहा तरी घ्याल का?

मेळाव्याच्या अल्बममध्ये एकशे चौदा जणांचे फोटो आहेत. एकशे पंधराव्या जागी फरशी दिसते, खुर्चीचा एक पाय आणि मामाच्या बुटाचं टोक. बटण कधी दाबलं गेलं ते संघदीपला अजून सांगता येत नाही. फोटो हललेला आहे. सत्यशीलेनं तो काढून टाकला नाही.