टाके न पडलेली पाठ

अकरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच सासूने चहाचा कप अंथरुणापाशी आणून दिला, आणि तो घ्यायला मोनिका अशी धडपडत उठू लागली की अर्धा चहा बशीत सांडला...!

"ऱ्हाऊ दे, उठू नको," पुष्पावतीबाई म्हणाल्या. तिच्या मनगटावरचे थेंब त्यांनी पदराने टिपले. "शुक्रवारपस्तोर कामाला हात लावायचा न्हाई."

शुक्रवार! अवघ्या दोन दिवसांवर. शुक्रवारी नगरच्या दवाखान्यात मोनिकाच्या कमरेचे ऑपरेशन व्हायचे होते, मणक्यात स्क्रू बसायचे होते, आणि घरात सगळ्यांची समजूत होती की आता दुसरा इलाजच उरलेला नाही. दुसरा इलाज होता. तो फक्त मोनिकाला ठाऊक होता.

शिर्डीत मंदिराजवळच्या गल्लीत त्यांचे हारांचे दुकान होते. दुकान तिचा नवरा वाल्मिक सांभाळायचा. हार मात्र घरी ओवले जात, पहाटेपासून, गोणपाटावर मांडी घालून. देवाचा हार उभ्याने ओवायचा नाही, हा पुष्पावतीबाईंचा नेम. चार वर्षांपूर्वी मोनिकाच्या कमरेत कळ उठू लागली. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, आणि अलीकडे तर रोजच, दोन-अडीच तास बसले की कमरेत कुणी खिळा ठोकतेय असे वाटायचे.

"नाटकं!" पुष्पावतीबाई म्हणत. "फुलाचं वजन त्ये किती, आन् म्हनं कंबर दुखती!"

वाल्मिक काहीच बोलत नसे. त्याचे ते न बोलणे तिला त्या शब्दाहून जास्त लागायचे...

पंधरवड्यापूर्वी ती नगरला गेली, तेव्हा वाल्मिक दुकानाच्या फोनवर बोलत बाहेरच राहिला आणि डॉक्टरांसमोर ती एकटीच बसली. डॉक्टरांनी एमआरआय उजेडाकडे धरला, पायांची ताकद तपासली, लघवीवर ताबा आहे का विचारले. "नस कुठे दबलेली नाही," ते म्हणाले. "मणक्यातली गादी झिजलीये, पण काही दुखत नसलेल्या माणसांच्या फोटोतही हे दिसतं. आधी तीन महिने नेमानं व्यायाम करा. असल्या दुखण्यात ऑपरेशननं त्याहून जास्त गुण येईलच, असं मला छातीठोक सांगता येत नाही."

व्यायाम! घरी जाऊन काय सांगायचे? काहीच निघाले नाही म्हणून?

"डॉक्टर," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही कापाच. पाठीवर टाके पडले म्हणजे घरात खरं तरी वाटेल."

डॉक्टरांनी एमआरआय खाली ठेवला. "दुखणं खरंच आहे तुमचं. सगळं दुखणं फोटोत येत नाही," ते हळू म्हणाले. "दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारची तारीख लिहून ठेवतो. पण आधी घरी बोला, आणि व्यायामवाल्या मॅडमना भेटून जा."

व्यायामवाल्या ग्रेस मॅडम बेलापूरच्या. त्यांनी सहा आकृत्यांचा एक कागद दिला, खाली स्वतःचा नंबर लिहिला आणि म्हणाल्या, "ताई, आणि जमिनीवर बसून काम बंद. उभ्यानं करा, मधूनमधून चाला." मोनिकाने तो कागद घडी करून साबुदाण्याच्या डब्यात लपवला, आणि घरी सांगितले, "ऑपरेशनच करावं लागणार."

त्या एका वाक्याने घर बदलले! वाल्मिक तिची चप्पल पायाशी आणून ठेवू लागला. पुष्पावतीबाईंनी झाडलोट, धुणे, हार, सगळे स्वतःकडे घेतले. इतकी माया तिने या घरात कधी अनुभवली नव्हती, आणि ती सगळी एका असत्यावर उभी होती... एकदा घरात कुणी नसताना तिने कागदावरची पहिली आकृती करून पाहिली. उताणे झोपून गुडघे हळूहळू पोटाशी. कळ किंचित सैलावली. त्या आरामाचीच तिला भीती वाटली! बरे वाटले, तर मग चार वर्षे आपण काय करत होतो, असे नाही का म्हणणार सगळे?

दुसऱ्या दिवशी गुरुवार, दुकानात सर्वांत गर्दीचा. उजाडल्यापासून पुष्पावतीबाई गोणपाटावर होत्या. झेंडू, शेवंती, पुन्हा झेंडू. आठ वाजता पाटी रिकामी झाली आणि त्या उठायला लागल्या.

मोनिका खाटेवरून पाहत होती. आधी डावा हात जमिनीवर. मग एका कुशीवर कलून गुडघे टेकायचे. मग चौकट धरायची, श्वास रोखायचा, खालचा ओठ दातांत धरायचा, आणि दोन टप्प्यांत उभे राहायचे... मोनिकाचे डोळे विस्फारले. हे तर तिचे स्वतःचे उठणे होते!

"आत्याबाई... तुमचीबी कंबर?"

"कुटं काय! वय झालं," पुष्पावतीबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

मोनिकाला आवरले नाही. ती उठली, डबा उघडला, साबुदाण्यातून तो कागद काढला आणि हुंदके देत सगळे सांगून टाकले.

पुष्पावतीबाईंचा चेहरा कठोर झाला. "म्हंजी नाटकच व्हतं!"

तोच शब्द! पण आज मोनिकाने मान खाली घातली नाही. "दुखतंय, आत्याबाई. लई दुखतंय! निस्तं कापायची गरज न्हाई. पन टाक्याबिगर तुमाला खरं वाटलं नसतं... म्हनून कापून घेनार व्हते मी!"

हार न्यायला आलेला वाल्मिक दारातच थबकला होता. पुष्पावतीबाई हळूच खाटेच्या कडेला टेकल्या.

"चार वर्सं झाली न्हवं तुला?" त्यांनी विचारले. "माजी छत्तीस. ह्यो वाल्मिक तान्हा व्हता तवापासनं. सासूला येकदाच सांगितलं. ती म्हनली, नाटकं. त्यापरीस मुकाट ऱ्हायले. आन् पोरी... त्योच शबूद म्या उचलून तुला दिला!" त्यांचे डोळे भरून आले. "आपरेशनचं ऐकल्यापासनं घास गिळत न्हवता गं मला. वाटायचं, म्याच बसवून बसवून मोडली हिला."

मोनिकाने त्यांच्या मांडीवर डोके ठेवले, आणि पुष्पावतीबाईंचा सुरकुतलेला हात तिच्या पाठीवरून, जिथे टाके पडणार होते तिथून, पुन्हा पुन्हा फिरत राहिला...!

"आगं, दुकान उघडायचंय मला," वाल्मिक शेवटी दारातून म्हणाला. "दोघींनाबी येकाच शुक्रवारी भरती करू का?"

"तू मुकाट बस! अकरा वर्सं बसलास तसा," पुष्पावतीबाई डोळे पुसत खेकसल्या. "दुकानातलं मोठं टेबल आन घरी. त्येच्या पायांखाली इटा लाव. आन् ह्या कागदावरच्या बाईला फोन लाव."

"आन् तुमचा नेम?" मोनिकाने भीत भीत विचारले.

"बाबांनी कवा इचारलं, हार बसून केलाय का हुबं ऱ्हाऊन?"

शुक्रवारी पाठ कापली गेली नाही. दुखणेही गेले नाही. ग्रेस मॅडमनी फोनवर बजावलेच होते, आठवडे लागतील, मध्ये वाढल्यासारखेही वाटेल, घाबरू नका. मोनिकाच्या मनातली धास्ती अजून पुरती ओसरली नव्हती. समजा, गुणच आला नाही तर?

शनिवारी सकाळी तिने सतरंजी अंथरली. शेजारी दुसरी सतरंजी पडली. पुष्पावतीबाई कण्हत आडव्या झाल्या, त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, आणि मग मान वळवून तो प्रश्न विचारला, जो या घरात छत्तीस वर्षांत कुणी कुणाला विचारला नव्हता...

"आज किती दुखतंय गं?"

"कालच्याएवढंच, आत्याबाई. आन् तुमचं?"

"माजंबी," त्या म्हणाल्या. "चल. गुडघं पोटाशी."