हॅट वर झाली नाही तेव्हा

मेला की काय हा माणूस!

हातातली बादली तिथेच टाकून मी धावले. शूटिंगसाठी घेतलेल्या लोन पाइन गावच्या उघड्या माळावर घोडीसकट कोसळलेला तो नवा खलनायक धुळीत पालथा पडला होता. ‘कट’ म्हणून केव्हाच झालं होतं. घोडी उठून अंग झटकत होती. हा मात्र हलेना.

सिनेमात घोड्यावरून पडणाऱ्यांची आमच्याकडे एक रीत आहे. कट झालं की पडल्या पडल्या हॅट वर करायची. हॅट दिसली की समजायचं, हाडं शाबूत आहेत. ती दिसेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला.

मी त्याला उताणा केला. त्यानं एक डोळा उघडला. तपकिरी... आणि चक्क हसरा!

“पडदा पडला का?” त्यानं हळूच विचारलं.

“कसला पडदा?”

“आमच्या बुडापेस्टच्या नाटकात मेलेला माणूस पडदा पडेपर्यंत मेलेलाच राहतो.”

“इथे पडदा नसतो! इथे हॅट वर करायची असते, कळलं? जीव गेला की हो माझा!”

“तुमचा?” तो उठून बसला. “मेलो तर मी होतो ना, मिस...?”

“टॉलिव्हर. विनी टॉलिव्हर. आणि पुन्हा असं केलंत ना, तर मीच ठार मारीन तुम्हाला.”

त्याचं नाव लोरांद. पोस्टरवर मात्र स्टुडिओनं ‘लॅरी ब्लेक’ करून टाकलं होतं. माझे बाबा सिनेमाच्या घोड्यांना पडायला शिकवायचे आणि पडायची जागा मी तयार करायची. खड्डा खणायचा, त्यात वाळू आणि पेंढा भरायचा, वरून धूळ पसरायची. मऊ जमीन कुठे संपते ते कळावं म्हणून कडेला रानझुडपाची एक डहाळी खोचायची. कॅमेऱ्याला ती दिसत नाही, स्वाराला दिसते.

आता खरं सांगू? मी घोड्यांतच वाढले, भलेभले स्वार पाहिले. पण लोरांदनं जुनिपर घोडीवर मांड ठोकली की माझ्या हातातलं फावडं थांबायचं! तो हंगेरीच्या माळावरचा. भरधाव घोड्यावर उभं राहणं त्याला चालण्याइतकं सोपं. आणि त्याचं ते मरणं! प्रत्येक सिनेमात मरायचा, पण दर वेळी निराळा. कधी रागानं, कधी नवलानं, तर कधी खेळ अर्धवट टाकून घरी बोलावलेल्या पोरासारखा. मी आ वासून बघत राहायचे. लोक मात्र थिएटरात तो मेला की खुशीनं शिट्ट्या मारायचे.

“वाईट नाही वाटत तुम्हाला?” एकदा मी विचारलं. तो चुलीवर त्याचा तो लालभडक मिरचीचा रस्सा ढवळत होता.

“कशाला? खलनायकासाठी कोण रडतंय? तो मेला की लगेच हिरोचं लग्न असतं. लोकांना तिकडे जायची घाई.” मग वाटी माझ्यापुढे धरत म्हणाला, “तुम्ही मात्र धावत आला होतात...”

“बादली सांडली होती माझी. त्याचा राग आला होता.”

“अस्सं! राग होता होय तो?”

रस्सा तिखट होता म्हणून माझे कान लाल झाले. तसं मी त्याला सांगितलंसुद्धा.

त्यानंतर त्याची हॅट न चुकता वर व्हायची. बाबा मिशीतल्या मिशीत म्हणायचे, “ह्या पोराची हॅट हल्ली कॅमेऱ्याकडे जात नाही विने, फावड्याकडे येते.”

...आणि मग एके सकाळी तो सरळच म्हणाला, “हा माझा शेवटचा सिनेमा.”

“म्हणजे?”

“स्टुडिओला माझे उच्चार नकोत. नुसतं मरायला त्यांना स्वस्तातली माणसं मिळतात. क्लीव्हलंडला चुलतभावाची बेकरी आहे, तिथे जाईन. खसखशीचे रोल छान जमतात मला.”

“मग जा ना! भाजा रोल!” मी म्हणाले आणि पाठ फिरवली. नका जाऊ — एवढंच तर म्हणायचं होतं. जीभच रेटेना मेली.

शेवटचा प्रसंग होता जळत्या कोठाराचा. दिग्दर्शक क्रॉडरसाहेबांनी भोंग्यातून दम भरला, “कोठार एकच आहे, एकदाच जळणार. मध्ये कुणी तडमडलं तर पुन्हा तोंड दाखवू नका!” गर्दीत एक बाई कमी पडत होती, म्हणून मलाच झगा घालून उभं केलं होतं.

आग भडकली. धुरातून जुनिपर सुसाट आली, बरोब्बर डहाळीच्या आत कोसळली, उठून निघून गेली. लोरांद पडून राहिला.

मी हॅटची वाट बघत होते. हॅट वर होईना. त्याच्या अंगावरून धूर गेला. तरी नाही...

मी धावले. झग्यात पाय अडकले, तशीच धावले. त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

“लोरांद! ऊठ ना रे! हॅट वर कर! नको जाऊस क्लीव्हलंडला... माझं प्रेम आहे रे तुझ्यावर, गाढवा!”

त्याचे ओठ जेमतेम हलले. “विनी... कट झालेलं नाही.”

आगीच्या धडधडाटात मला वाटलं होतं, झालं कट! ‘कट’च्या ज्या रीतीवरून मी त्याला झापलं, तीच मी मोडली होती. त्याचा शेवटचा सिनेमा मी माझ्या हातानं मातीत घातला होता. मी हुंदके देऊन रडायला लागले. तो मात्र मेलेलाच राहिला. फक्त मिटल्या डोळ्यातून एक थेंब निघाला आणि माझ्या मनगटावर पडला.

“कट!”

क्रॉडरसाहेब चालत आले. मी उभी राहिले. “चूक माझी आहे साहेब. ह्याला काही बोलू नका.”

ते स्वतःचीच हॅट काढून म्हणाले, “इतके खलनायक मारले मी. त्यांचंही कुणी असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही. हे असंच राहणार सिनेमात. आणि ब्लेक, पुढच्या सिनेमात तू मला शेवटपर्यंत जिवंत हवायस. उच्चारांसकट.”

सिनेमा लागला तेव्हा आमचं लग्न ठरलं होतं. पण ते प्रेमाचं वाक्य काही मी पुन्हा उच्चारलं नव्हतं. लाज वाटायची बाई! शनिवारी दुपारी आम्ही बिशप गावच्या थिएटरात बसलो. पडद्यावर लोरांद कोसळला आणि मी वाट बघत राहिले... एकही शिट्टी वाजली नाही. पुढच्या रांगेतली एक बाई नाक पुसत होती. माझे ओठ हलत होते, पण माझा आवाज वगळून त्यांनी नुसतं व्हायोलिन टाकलं होतं.

“काय म्हणत होतीस गं तिथे?” लोरांद कानाशी कुजबुजला. “मी मेलो होतो ना, नीट ऐकू आलं नाही.”

“गाढवा म्हणाले.”

“त्याच्या आधी?”

मी इकडेतिकडे पाहिलं. मग त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं. पूर्ण, अगदी जसंच्या तसं.

त्यानं मांडीवरची हॅट उचलली आणि भर थिएटरात उंच धरली.

“ओ साहेब, हॅट खाली घ्या, दिसत नाही!” मागून कुणीतरी ओरडलं.

त्यानं घेतली नाही.