पाठीवरचा बर्फ

आठवडाभर वादळ घोंगावलं तेव्हा मिचीलनं ठरवलं, की सार्तांग नदीच्या वरच्या खोऱ्यात चरायला सोडलेल्या नऊ घोड्या घरी आणायच्या. बसायचा एक घोडा सोडला तर त्याच्याकडे दुसरी मालमत्ताच नव्हती. सोबत ओक्स्यूनआत्या निघाली. तिचा सगळा जन्म घोड्यांत गेलेला, जीभ तिखट. थंडी उणे पन्नास. दोघं दोन घोड्यांवर, आत्यामागं गवतानं भरलेली घसरगाडी.

तिसऱ्या दिवशी नदीनं दगा दिला. वरच्या भुसभुशीत बर्फाखाली, गोठलेल्या थरावर पाणी साचलेलं! मिचीलचा घोडा गुडघ्यापर्यंत रुतला.

"उतरू नकोस! लगाम सैल सोड!" आत्या काठावरून ओरडली.

घोड्यानं उसळी घेतली. एक. दोन. काठ लागला! आत्यानं पाणी टिपून घेणारा कोरडा, भुसभुशीत बर्फ चोळून त्याचे ओले पाय कोरडे केले.

चौथ्या दिवशी दुपारी घोड्या दिसल्या. आठजणी माना खाली घालून निश्चल उभ्या होत्या, पाठीवर वीतभर बर्फ. नववी, तांबडी, तेवढी लखलखीत; तिच्यावर बर्फाचा कणही नव्हता. तिची पाठ ओली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती.

"आठ गेल्यातच जमा, आत्या! एकच धड आहे!" मिचील खाली उतरून एकीच्या पाठीवरचा बर्फ झाडू लागला.

"हात काढ, शहाण्या! तिची गोधडी ओढतोस होय? आयाळीखाली दाबून बघ."

चार बोटं जाड चरबी हाताला लागली.

"ऊब आत कोंडलीय, म्हणून वरचा बर्फ वितळत नाही. तुझी ती धडधाकट बघ! उशिरापर्यंत शिंगरू पाजलं, चरबी संपली. सगळी ऊब पाठीतून उडून चाललीय."

"मग सगळ्यांनाच नेऊ."

"चार दिवस पिटाळ, घाम येईल, घाम गोठेल. चरबी वाटेतच जाळशील. आणि घरी गवत आहे नवांना पुरेल एवढं?"

नव्हतं. मिचीलनं आठही आयाळींखाली हात घालून पाहिला.

सगळीकडे तेवढीच जाड चरबी. "राहू देत इथंच, बर्फ उकरून चरतील," तो म्हणाला.

तांबडीला लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून, गाडीतलं गवत चारत, नदी टाळून दोघं सहा दिवसांनी घरी पोचले. दीड महिन्यानं एका सकाळी अंगणात तिच्या पाठीवर पांढरा थर तसाच साचलेला दिसला. केरसुणी उचललेला हात मिचीलनं खाली घेतला.

मे महिन्यात आठही परतल्या. बरगड्या मोजता येत होत्या, पण पाचजणींच्या मागं शिंगरं धडपडत होती. हिवाळी केस पुंजक्यांनी गळत होते.

"आता झाड हवं तेवढं!" आत्यानं खरारा पुढं केला.