नियंत्रण गाव

रक्तवाचकाच्या पडद्यावर पेरमगुड्याची रेघ खाली आली, तेव्हा डॉ. केतकी निमकर यांनी आधी यंत्राला दोष दिला, मग शीतपेटीला, आणि शेवटी ती पेटी दोन दिवस गाडी हाकत आणणाऱ्या चालकाला. तो बिचारा दारात उभा राहून सगळे ऐकून घेत होता. पेटीचे तापमान वाटेत एका अंशानेही चढले नव्हते, तशी नोंद त्याच्या हातातच होती. केतकीबाईंनी ती वाचली, त्याची माफी मागितली आणि नमुने पुन्हा यंत्रात घातले. रेघ तिथेच राहिली.

रक्ताच्या एका थेंबातले प्रतिपिंड वाचून तो माणूस हिवतापाला किती तोंड देऊ शकेल, हे रक्तवाचक शून्य ते शंभरात सांगत असे. त्या आकड्याला केतकीबाईंच्या संशोधन संस्थेत संरक्षणांक म्हणत. पेरमगुडा हे नदीपलीकडच्या जंगलातले साठ घरांचे माडिया गाव. तिथल्या मोठ्या माणसांचा सरासरी संरक्षणांक गेली कित्येक वर्षे ऐंशीच्या वर होता, आणि त्यावर केतकीबाईंनी अकरा शोधनिबंध लिहिले होते. नमुने दर तीन वर्षांनी येत; या खेपेला तो एकतीस होता. दाता क्रमांक सात, जिचा अंक एकेकाळी शहाण्णव होता, ती अडतिसावर आली होती.

संस्थेची स्मृतिलस या गावावर उभी होती. दात्याच्या रक्तातल्या स्मृतिपेशी घ्यायच्या, त्यांचा साचा करायचा आणि त्यावरून घडवलेली लस बाळाला टोचायची. मोठ्या माणसाला वीस वर्षांत येते ती ताकद बाळाला महिन्यात येई. चाचण्या पार पडल्या होत्या. अखेरच्या साच्याला ताज्या, जिवंत पेशी हव्या होत्या; गोठवलेल्या पेशी तोवर थकून गेल्या होत्या.

संचालक डॉ. यशोधन सोवनी आले, त्यांनी पडदा पाहिला आणि चष्मा काढला.

"यंत्र ठीक आहे," ते म्हणाले. "गोवर एकदा झाला की जन्माचं काम होतं. हिवतापाचं तसं नाही. डास चावत राहिले तरच शरीराला आठवण राहते. चावे थांबले की दोनतीन वर्षांत सगळं विसरतं. तिथे चावे थांबलेत."

"का थांबलेत?"

"कुणीतरी मच्छरदाण्या वाटल्या असणार. नियंत्रण गाव बिघडवलंय कुणीतरी."

'बिघडवलंय' हा शब्द केतकीबाईंना खटकला, पण का खटकला ते त्यांना त्या क्षणी सांगता आले नसते. नियंत्रण गाव म्हणजे नवे औषध ज्याला मुद्दाम द्यायचे नाही असे गाव, तुलनेसाठी ठेवलेले. नवे द्यायचे नाही. पण नेहमीची फवारणी, नेहमीच्या मच्छरदाण्या, नेहमीच्या गोळ्या मिळायलाच हव्यात. तसे तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाला दरवर्षी पत्र जात होते. मग मच्छरदाण्यांनी बिघडेल काय?

त्या स्वतः पेरमगुड्याला गेल्या. सात वर्षे गेल्या नव्हत्या. नमुने येत होते, मग जायचे कशाला?

गावाच्या तोंडाशी फलक नव्हता. त्याच्या जागी दोन खड्डे होते. दाता क्रमांक सात तिथेच उभी होती. तिचे नाव जैनी लेकामी, वय पन्नाशीचे, गावची आशाताई. तिने बाईंना घरी नेऊन पाणी दिले आणि त्यांनी काही विचारायच्या आतच बोलायला लागली.

"तुम्ही काऊन आल्या ते मले माहीत आहे, मॅडम. बोर्ड मीच काढला."

मग तिने शांतपणे सगळे सांगितले. एकोणीस वर्षांपूर्वी संस्थेने गावात फलक लावला: हिवताप नियंत्रण गाव. गावाला बरे वाटले, आता ताप आटोक्यात येणार. त्याच वर्षापासून फवारणीवाले यायचे थांबले, मच्छरदाण्या बंद झाल्या, गोळ्याही कमी झाल्या. तीन वर्षांपूर्वी जैनी तालुक्याला जाऊन हटून बसली, तेव्हा तिथल्या बाबूने यादी काढून दाखवली. तुमचं गाव नियंत्रणात आहे, तो म्हणाला, बोर्ड लागलाय, मग फवारणी कशाला? खोटे बोलत नव्हता तो. दरवर्षी आलेल्या पत्राचा मथळा त्याने वाचला होता, आणि मथळ्याखाली वाचायची सवय त्या कार्यालयात कुणालाच नव्हती.

"मी घरी आली, बोर्ड उपटला, यादीतलं नाव खोडून मागितलं. पुढच्या महिन्यात फवारणी आली. तेव्हापासून एक लेकरू नाही गेलं."

तिने शाळेची एक वही पुढे केली. तिच्यात मुलांची नावे होती, एका ओळीत एक. एकेचाळीस. त्यांतली तीन लेकामी होती, पण जैनीने त्यांच्यावर बोट ठेवले नाही.

केतकीबाईंना तिथे जे कळले, ते त्यांच्या अकरा निबंधांत कुठेच नव्हते. पेरमगुड्याच्या रक्तात जगावेगळे काही नव्हते. ज्यांना ती ताकद वेळेत आली नाही ती मुले या वहीत होती, उरलेली दाते झाली होती. आणि 'नियंत्रण' हा शब्द? तो त्यांनीच निवडला होता, अठ्ठाविसाव्या वर्षी, इंग्रजी 'कंट्रोल'साठी शब्दकोश उघडून, आपल्या मराठीवर खूश होत. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"तुम्हाले दोन पत्रं टाकली होती मी," जैनी म्हणाली. "बोर्डाच्या चौथ्या वर्षी एक, सातव्या वर्षी एक."

पत्रे संस्थेच्या कपाटात सापडली. अक्षर शाळकरी, मजकूर स्पष्ट: फवारणी येत नाही, मुले मरत आहेत. दोन्हींवर सोवनींची सही होती आणि सहीच्या वर दोन शब्द: नोंद घेतली.

बैठकीत सोवनींनी ते नाकारले नाही. सातव्या वर्षी अंक चढत होते, ते म्हणाले, आणि आपण हात लावला असता तर लस जन्मलीच नसती. तेव्हा गप्प बसण्याचे दुःख त्यांनाही झाले होते म्हणे. आता फक्त अठरा महिने मच्छरदाण्या काढायच्या, साचा घ्यायचा, आणि मग जगभरातली लाखो मुले वाचवायची. तसा आदेश त्यांनी टंकून आणला होता. भोवतालच्या आठ शास्त्रज्ञांपैकी काही खाली पाहत होते, काही मान डोलावत होते. दुसऱ्याच्या मुलांवर उदार व्हायला काय जाते?

"सर," केतकीबाई म्हणाल्या, "ही ताकद वंशाची नाही, चाव्यांची आहे. म्हणजे ती कुणाच्याही कातडीत पिकते. तुमच्यासुद्धा."

कुणीतरी हसले. त्या हसल्या नाहीत. नियंत्रण गाव निवडण्याचा अधिकार संशोधनाच्या संहितेप्रमाणे मुख्य संशोधकाचा होता, आणि त्या मुख्य संशोधक होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी शहराच्या आरोग्य कार्यालयाला पत्र पाठवले. तालुक्याला एकोणीस वर्षे जात असलेले तेच पत्र, तोच मथळा, खाली तेच वाक्य: नेहमीची फवारणी व इतर उपाय चालू ठेवावेत. एक अक्षर बदलले नाही. फक्त पेरमगुड्याच्या जागी संस्थेच्या वसाहतीचे नाव घातले. जैनीने जपून ठेवलेला जुना फलक त्यांनी मागवून घेतला आणि वसाहतीच्या फाटकाशी रोवला. लोकांना वाटले, संस्थेचा काहीतरी सन्मान झाला. एकाने त्याच्याशेजारी उभे राहून फोटोही काढला.

चार आठवड्यांनी सोवनी प्रयोगशाळेत आले. अंगावर शाल होती, दात वाजत होते, आणि तशा थंडीतही ते संतापलेले होते. धूर मारणारी गाडी महिनाभर फिरकली नव्हती. टेकडीखालच्या बांधकामाच्या टाक्यांत डास माजले होते. त्यांनी कार्यालयात विचारले, तर उत्तर मिळाले होते की तुमची वसाहत नियंत्रणात आहे.

"अडाणी लेकाचे," ते म्हणाले. "अहो, नियंत्रण म्हणजे आटोक्यात आलेलं नव्हे. नियंत्रण म्हणजे आम्हाला काहीच..."



केतकीबाईंनी त्यांचे बोट पुसले, टोचले आणि थेंब रक्तवाचकात घातला. दुसरा थेंब काचेवर घेऊन पाहिला; हिवताप होताच. पडद्यावर त्यांचा संरक्षणांक उमटला: दोन.

"सुरुवात झाली आहे," त्या म्हणाल्या. "साच्याला शहाण्णव लागतात." आणि त्यांनी औषधाची पुडी त्यांच्या हातात दिली, पहिली गोळी आपल्यासमोर घ्यायला लावली.

सोवनींनी शाल आवळून तो आकडा पुन्हा वाचला. मग केतकीबाईंच्या सहीवाचून पडून राहिलेला मच्छरदाण्या काढण्याचा आदेश त्यांनी मागून घेतला आणि त्याचे चार तुकडे केले.

"घरात नातू आहे माझा," ते हळूच म्हणाले. "गाडी कधी येईल?"

केतकीबाईंनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"पत्र लिहा, सर. नोंद घेतली जाईल."